डिलीट केलेलं नाव कुठे जातं? डेटाबेसच्या पानांमधून चालायला शिकू या

समजा, तुम्ही मंगळवेढा तालुक्यातल्या ज्वारी उत्पादकांचं सर्वेक्षण करताय. मरवडे, हुलजंती, बोराळे, नंदेश्वर अशी गावं फिरून तुम्ही शेतकऱ्याचं नाव, क्षेत्र, वाण आणि डोक्यावरचं कर्ज अशी माहिती घेतली. सगळं एसक्युलाइटच्या एका फाइलमध्ये भरलं. महिन्याभराने एका शेतकऱ्याचा फोन आला : "माझं नाव तुमच्या कागदात नको, काढून टाका." संमतीपत्रावर तुम्हीच लिहून दिलंय की कधीही माघार घेता येईल. तुम्ही डिलीट चालवलं, पुन्हा क्वेरी मारून बघितलं, ओळ गेलेली. मग ती फाइल दुसऱ्या विद्यापीठातल्या सहकाऱ्याला पाठवून दिली.

ते नाव फाइलमधून खरंच गेलं का?

एसक्यूएलला विचारून याचं उत्तर मिळणार नाही. एसक्यूएल तुम्हाला डेटाबेसने जे दाखवायचं ठरवलंय तेवढंच दाखवतं. खरं उत्तर बघायचं तर एक मजला खाली उतरावं लागतं, म्हणजे जिथे ओळी, रकाने नसतात, फक्त क्रमांक टाकलेली पानं आणि त्यांतले बाइट असतात. संशोधनाची तयारी करणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी तिथे जाऊन यावं असं माझं मत आहे. तिथे चालायचं कसं, काय बघायचं आणि कशाला हात लावायचा नाही, हे या लेखात पाहू.

आधी पत्ता समजून घ्या

खालच्या मजल्यावर नावं चालत नाहीत, पत्ते चालतात. हे आपल्याला नवीन नाही. जमिनीचा उतारा काढायला तलाठ्याकडे गेलात आणि "नदीकाठची काळी जमीन, बांधावर बाभूळ आहे" असं सांगितलंत तर उपयोग नाही. गाव, गट क्रमांक, पोटहिस्सा सांगावा लागतो. मोठ्याकडून लहानाकडे जाणारे तीन टप्पे, आणि तिन्ही मिळून एकच तुकडा.

डेटाबेसमध्येही असेच टप्पे आहेत :

१. साठवणुकीचा विभाग. मोठ्या डेटाबेसमध्ये हा शक्यतो स्वतंत्र फाइलचा असतो. लहान डेटाबेसमध्ये सगळी एकच फाइल असते, म्हणजे एकच विभाग धरा.
२. पान. विभागाचे ठरलेल्या मापाचे सारखे तुकडे. पोस्टग्रेसमध्ये मूळ माप ८ किलोबाइट, मायएसक्यूएलच्या इनोडीबीमध्ये १६, एसक्युलाइटमध्ये २०१६ पासून ४. डेटाबेस डिस्कवरून वाचतो ते अख्खं पान; एक ओळ हवी असली तरी पानच उचलतो.
३. पानातली जागा. पानात एक छोटी अनुक्रमणिका असते. कितवी ओळ पानात कुठे सुरू होते, ते तिथे लिहिलेलं असतं.

पोस्टग्रेस वापरत असाल तर कुठल्याही टेबलवर सीटीआयडी नावाचा लपलेला रकाना मागून बघा. उत्तरात दोन आकड्यांची जोडी येते : पान क्रमांक आणि त्या पानातला क्रमांक. म्हणजे ओळीचा गट क्रमांक आणि पोटहिस्सा डेटाबेस स्वतःच सांगतो.

पानं उघडणारी अवजारं

डिजिटल इक्विपमेंट कंपनीने १९८४ मध्ये आपल्या व्हीएमएस प्रणालीसाठी आरडीबी नावाचा डेटाबेस आणला. १९९४ मध्ये तो ऑरॅकलकडे गेला. त्याच्या देखभालीच्या साधनात 'ऑल्टर' नावाचा एक भाग आहे, आणि पानांमध्ये फिरायचं म्हणजे काय हे समजायला तो फार चांगला, कारण त्याचे हुकूम अगदी पायरीपायरीचे आहेत. 'एरिया' म्हटलं की साठवणुकीचा विभाग निवडला जातो, 'पेज' म्हटलं की त्यातलं पान समोर येतं. 'डिस्प्ले'ने पानाचा हवा तो भाग दिसतो, 'डिपॉझिट'ने बाइट बदलता येतात. बदललेले बाइट लगेच फाइलमध्ये जात नाहीत. 'कमिट' म्हटल्यावर जातात, 'रोलबॅक' म्हटलं तर टाकून दिले जातात. केलेल्या कामाची नोंद ठेवायला 'लॉग' असा वेगळा हुकूम आहे.

या हुकमांचा क्रम ध्यानात ठेवा : विभाग, पान, बघणं, तपासणं, आणि सगळ्यात शेवटी, लागलंच तर, बदलणं. अवजार कुठलंही असो, क्रम हाच.

आरडीबीमधली एक खोच सांगण्यासारखी आहे. तिथे ओळीचा पत्ता तीन आकड्यांचा असतो, पण त्यातला पहिला आकडा असतो तार्किक विभागाचा, म्हणजे साधारणपणे "कुठलं टेबल" हे सांगणारा. 'एरिया' हुकमाला मात्र प्रत्यक्ष साठवणुकीचा विभाग हवा असतो. एकाच प्रत्यक्ष विभागात अनेक तार्किक विभाग नांदू शकतात. पत्त्यातला पहिला आकडा तसाच उचलून 'एरिया'ला दिलात तर तुम्ही भलत्याच फाइलमधल्या त्याच क्रमांकाच्या पानावर जाल, आणि तिथलं पानही दिसायला अगदी व्यवस्थित असेल. गट नंबर बरोबर, गाव चुकलं, तर उतारा मिळतोच की, फक्त दुसऱ्याचा. म्हणून पान उघडलं की पहिलं काम : आपण कुठल्या पानावर आहोत हे पानाच्या शीर्षभागातून ताडून बघणं.

ऑरॅकलच्या मुख्य डेटाबेससाठी बीबेड, एसक्यूएल सर्व्हरमध्ये 'डीबीसीसी पेज', पोस्टग्रेसमध्ये पेजइन्स्पेक्ट ही याच जातीची साधनं. यातलं पेजइन्स्पेक्ट फक्त बघू देतं, बदलू देत नाही. शिकायला बसणाऱ्याने तिथूनच सुरुवात केलेली बरी.

हाताने करून बघू

आता एसक्युलाइट घेऊ. ते मोफत आहे, तुमच्या लॅपटॉपवर आणि फोनमध्ये बहुधा आधीच आहे, आणि फाइलची रचना पूर्णपणे जाहीर आहे. अवजार म्हणून कुठलाही हेक्स एडिटर चालेल. लिनक्सवर 'ओडी' हा हुकूम सांगितलं तर बाइट दशमान आकड्यांत दाखवू शकतो, म्हणून मी खाली सगळे आकडे दशमानातच देते.

एक रिकामी फाइल घेऊन एकच टेबल करा : गाव (मजकूर) आणि एकर (पूर्णांक). खऱ्या माणसांची नावं सरावाला घेऊ नका. तीन ओळी भरा : मंगळवेढा ५, मरवडे ३, हुलजंती ७. फाइल ८१९२ बाइटची होईल, म्हणजे ४०९६ ची दोन पानं.

पायरी १ : पान केवढं? फाइलचे पहिले १०० बाइट म्हणजे फाइलचं शीर्ष. मोजणी शून्यापासून. १६ व्या आणि १७ व्या जागी १६ आणि ० दिसतील. १६ गुणिले २५६ अधिक ०, म्हणजे ४०९६. पानाचं माप फाइल स्वतःच सांगते. अंदाज करायचा नाही. २८ व्या जागेपासून चार बाइट एकूण पानांची संख्या सांगतात : ०, ०, ०, २.

पायरी २ : आपलं टेबल कुठल्या पानावर? स्कीमाच्या टेबलात 'रूटपेज' नावाचा रकाना असतो. तो विचारा, उत्तर येईल २. क्रमांक 'न' असलेलं पान (न − १) × ४०९६ या जागी सुरू होतं. आपलं दुसरं पान ४०९६ वर. पानं १ पासून मोजतात आणि बाइट ० पासून, हा गोंधळ इथेच मिटवून घ्या.

पायरी ३ : पानाचं शीर्ष वाचा. ४०९६ पासूनचे आठ बाइट असे असतील :

१३, ०, ०, ०, ३, १५, १७८, ०

पहिला १३ म्हणजे "हे टेबलाचं शेवटच्या पातळीचं पान आहे, यात प्रत्यक्ष ओळी आहेत". इथे ५ असता तर ते वाट दाखवणारं पान असतं, ज्यात फक्त खालच्या पानांचे क्रमांक आणि विभागणीच्या खुणा. १० आणि २ हे आकडे इंडेक्सच्या पानांचे. पुढचे दोन बाइट पानातल्या पहिल्या मोकळ्या तुकड्याचा पत्ता, सध्या शून्य. मग ०, ३ म्हणजे तीन ओळी. १५, १७८ म्हणजे १५ × २५६ + १७८ = ४०१८; ओळींचा मजकूर पानात इथून पुढे आहे.

पायरी ४ : अनुक्रमणिका. लगेच पुढे दोन-दोन बाइटच्या तीन जोड्या : १५, २२६, १५, २०५, १५, १७८. म्हणजे ४०६६, ४०४५ आणि ४०१८. गंमत बघा, पहिली ओळ सगळ्यात शेवटी आहे. एसक्युलाइट पान तळापासून वर भरत येतं, पेवात ज्वारी भरावी तसं. आधी टाकलेलं तळाला.

पायरी ५ : एक ओळ सोडवा. पानातल्या ४०६६ व्या जागी, म्हणजे फाइलमधल्या ८१६२ व्या जागी या : २८, १, ३, ६१, १. एकूण मजकूर २८ बाइट. ओळ क्रमांक १. ओळीचं शीर्ष ३ बाइटचं. मग दोन रकान्यांचे प्रकार. ६१ ही विषम संख्या १३ पेक्षा मोठी आहे, म्हणून हा मजकूर; लांबी (६१ − १३) ÷ २ = २४ बाइट. शेवटचा १ म्हणजे एका बाइटमध्ये मावणारा पूर्णांक.

२४ कसे? "मंगळवेढा" यात म, अनुस्वार, ग, ळ, व, मात्रा, ढ, काना अशी आठ चिन्हं आहेत आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. आठ त्रिक चोवीस. जुळलं! हिशेब असा जुळला की आपण योग्य पानावर, योग्य ओळीत आहोत याची खात्री पटते.

मराठी डेटासाठी एक खास सावधगिरी

हेक्स एडिटरच्या उजव्या बाजूला मजकूर दिसतो असं सगळीकडे लिहिलेलं असतं. इंग्रजी असेल तर दिसतो. देवनागरी असेल तर बऱ्याच साधनांत तिथे नुसते ठिपके येतात. फाइलमधला वाचता येणारा मजकूर शोधून देणारं 'स्ट्रिंग्ज' हे साधनही मूळ सेटिंगमध्ये इंग्रजी अक्षरंच शोधतं. म्हणजे एखाद्या इंग्रजी मार्गदर्शिकेप्रमाणे तुम्ही तपासणी केली, काहीच सापडलं नाही, आणि "फाइल स्वच्छ आहे" असा निष्कर्ष काढला, तर तो निष्कर्ष चूक असू शकतो. नावं तिथेच असतील, फक्त साधनाला मराठी वाचता येत नसेल.

उपाय सोपा आहे. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह २२४ ने सुरू होतं आणि दुसरा बाइट १६४ किंवा १६५ असतो. या जोड्या शोधा. जिथे दर तीन बाइटला त्या पुन्हा येतात तिथे मराठी मजकूर आहे. विशिष्ट नाव शोधत असाल आणि त्यात 'ऱ्या', 'ऱ्हा' असेल तर दोनदा शोधा, कारण ऱ हे अक्षर एकाच चिन्हाने लिहिता येतं आणि र खाली नुक्ता देऊनही. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, बाइट मात्र वेगळे.

आता डिलीट करून बघा

मरवड्याची ओळ डिलीट करा, फाइल बंद करा, पुन्हा दुसऱ्या पानावर या. शीर्षात ओळींची संख्या ३ ची २ झालेली दिसेल. अनुक्रमणिकेतून ४०४५ हा पत्ता निघून गेलेला. आणि आधी शून्य असलेली मोकळ्या तुकड्याची जागा आता म्हणते १५, २०५, म्हणजे तोच ४०४५.

तिथे जाऊन बघा. पहिले चार बाइट बदललेत : ०, ०, ०, २१. पुढे आणखी मोकळा तुकडा नाही, आणि हा तुकडा २१ बाइटचा आहे, एवढंच ते सांगतात. त्यानंतरचे १७ बाइट मात्र जसेच्या तसे. त्यात मरवडे हे नाव पूर्ण आहे, आणि शेवटी ३ एकरही आहेत.

डिलीटने डेटाबेसने एवढंच केलं : अनुक्रमणिकेतला पत्ता खोडला आणि जागा रिकामी म्हणून नोंदवली. त्या जागेवर नवीन ओळ येऊन बसेपर्यंत जुना मजकूर तिथेच राहतो. अख्खं टेबल काढून टाकलं तर पानंच्या पानं मोकळ्या यादीत जातात. त्या यादीचं पहिलं पान फाइलच्या ३२ व्या जागेवर आणि मोकळ्या पानांची संख्या ३६ व्या जागेवर नोंदलेली असते. नावाच्या रकान्यावर इंडेक्स असेल तर नावाची दुसरी प्रत इंडेक्सच्या पानातही असते.

तुमच्याकडे त्या जागी नुसती शून्यं दिसली तर घाबरू नका. 'सिक्युअर डिलीट' ही सोय चालू असेल तर एसक्युलाइट जुना मजकूर पुसून टाकतं. काही ठिकाणी ती आधीपासून चालू असते, काही ठिकाणी बंद. आपल्याकडे काय आहे ते गृहीत धरू नका, विचारून घ्या. आणि नंतर चालू केली तरी आधी डिलीट केलेल्या ओळींना तिचा उपयोग होत नाही.

मग सर्वेक्षणाची फाइल कुणाला देताना करायचं काय?

- हव्या त्या रकान्यांचीच नवी, कोरी फाइल तयार करा आणि ती द्या. हा सगळ्यात खात्रीचा मार्ग.
- तीच फाइल द्यायची असेल तर 'व्हॅक्यूम' चालवा. त्यात फाइल नव्याने बांधली जाते आणि मोकळे तुकडे मागे राहतात.
- शेजारी जर्नल किंवा 'वॉल'ची फाइल आहे का बघा. जुनी पानं तिथेही असू शकतात.
- शेवटी बाइट पातळीवर देवनागरी शोधून खात्री करा.
- पेनड्राइव्ह, मेल आणि फोनमधल्या जुन्या प्रतींचा हिशेब वेगळा ठेवा. व्हॅक्यूम तुमच्या फाइलवर चालतो, मित्राच्या मेलबॉक्सवर चालत नाही.

बदलायची वेळ आली तर

आता सरावाच्या फाइलमध्ये शेवटचा, म्हणजे ८१९१ व्या जागेवरचा बाइट बघा. तिथे ५ आहे : मंगळवेढ्याचे एकर. हेक्स एडिटरने त्याचा ६ करा आणि क्वेरी चालवा. उत्तर येतं ६. डेटाबेसची अखंडता तपासणारा हुकूम चालवा. तो म्हणतो, सगळं ठीक.

इथे थांबून विचार करा. एक आकडा बदलला, आणि कुठेच काही उमटलं नाही. कुणी बदलला, कधी बदलला, आधी काय होता, काही नाही. ती तपासणी पानांची रचना बघते. एकर पाच की सहा हे तिला कसं कळणार? आरडीबीच्या पानांवर चेकसम असतो, पोस्टग्रेसने १८ व्या आवृत्तीपासून तो नव्या डेटाबेससाठी आपोआप चालू ठेवलाय. पण चेकसम पकडतो डिस्कची खराबी. जाणूनबुजून बदल करणारा चेकसमही नव्याने लिहू शकतो; बीबेडमध्ये तर त्यासाठी हुकूमच आहे.

सातबाऱ्यावर नाव बदलायचं तर आधी गाव नमुना ६ मध्ये फेरफार पडतो, नोटीस निघते, मंजुरी होते, मग उतारा बदलतो. एसक्यूएलमधून केलेला बदल निदान डेटाबेसच्या नियमांतून जातो. पानावर थेट केलेला बदल म्हणजे उताऱ्यावर खोडरबर चालवणं. म्हणून इथली फेरफार वही तुम्हालाच ठेवावी लागते :

१. मूळ फाइलला हात लावायचा नाही. प्रत काढा, मूळ फाइल फक्त वाचण्यापुरती करून ठेवा आणि तिचा हॅश लिहून ठेवा.
२. डेटाबेस वापरणारे सगळे प्रोग्रॅम बंद करा. तुम्ही बाइट बदलत असताना दुसरं कुणी तेच पान लिहीत असेल तर दोघांचंही काम जाईल.
३. प्रत्येक बदलासाठी एक ओळ : तारीख, विभाग, पान, जागा, जुना बाइट, नवा बाइट, कारण.
४. लांबी सांगणाऱ्या आकड्यांना आणि अनुक्रमणिकेला हात लावताना दुप्पट सावध राहा. एकर चुकला तर एक ओळ चुकते. पत्ता चुकला तर पानच वाचता येत नाही.
५. शोधनिबंधात लिहा. "खराब झालेल्या फाइलमधून अमुक ओळी अशा प्रकारे परत मिळवल्या" हे लिहिण्यात कमीपणा नाही. न लिहिता वापरणं मात्र गंभीर आहे.

आमच्या गावाला हे वेगळं सांगावं लागत नाही. दुष्काळात दामाजीपंतांनी बादशहाचं कोठार लोकांसाठी उघडलं, ही कथा लहानपणापासून ऐकलेली. पण तिचा पुढचा भाग आठवा. विठू महाराच्या रूपात बिदरला गेलेल्या विठ्ठलाने धान्याचे पैसे भरले आणि पावती घेतली. देवालासुद्धा पावती लागली. कोठारातून काय काढलं आणि बदल्यात काय ठेवलं, हे लिहून असल्याशिवाय व्यवहार पुरा होत नाही.

सरावासाठी

- वरची फाइल स्वतः तयार करा आणि "हुलजंती"च्या ओळीतला प्रकाराचा आकडा आधी कागदावर काढा, मग फाइलमध्ये पडताळा. (सात चिन्हं आहेत, पुढचं तुम्ही करा.)
- मरवडे डिलीट केल्यावर "बोराळे ४" ही नवी ओळ भरा. ती मोकळ्या तुकड्यात बसते का? आधी दोन्ही ओळींची लांबी मोजा. ओळ तिथे बसलीच, तर मरवड्याचे किती बाइट उरतात?
- टेबलात शंभरेक लांब ओळी भरा आणि दुसऱ्या पानाचा पहिला बाइट १३ वरून ५ कधी होतो ते बघा. झाला की समजा, पान आता ओळी ठेवत नाही, वाट दाखवतंय.

तिन्ही सराव एका दुपारी होतात. त्यानंतर "डेटा डिलीट केला आहे" असं संमतीपत्रात किंवा अहवालात लिहिताना तुम्ही आधी पान उघडून बघाल, आणि ज्याने फोन करून नाव काढायला सांगितलं होतं त्याला खरं उत्तर देऊ शकाल.